चौतीस मधमाश्यांचा चित्ररथ

मिरवणुकीत चौथीचा चित्ररथ काढायचं ठरलं तेव्हा हातात पाच आठवडे होते. पहिली चूक मी लगेचच केली. घरी बसून आराखडा काढला, रंगवला आणि फळ्याशेजारी चिकटवला. मुलांनी बघितला, ‘छान आहे बाई’ म्हणाली आणि आपापल्या गप्पांना लागली.

मग विषय त्यांनाच विचारला. चौतीस मुलं, एकेचाळीस कल्पना! मतदान घेतलं असतं तर दोस्तमंडळींच्या टोळ्याच जिंकल्या असत्या, म्हणून तीन प्रश्नांची चाळणी लावली. रस्त्याकडेच्या माणसाला लांबून कळेल का? सगळ्यांना काम मिळेल का? आपल्याच हातांनी होईल का? ज्वालामुखी धुरापाशी गळाला, अंतराळयानात तिघंच बसणार म्हणून तेही गेलं. उरलं मधमाश्यांचं पोळं.

राणीमाशी कोण होणार यावर दोन दिवस धुसफूस चालली. त्यातच वाचताना कळलं की पोळ्यात राबणाऱ्या सगळ्या कामकरी माश्या माद्या असतात. नर मध गोळा करत नाहीत आणि त्यांना नांगीही नसते. एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, “बाई, मग आम्ही नुसतं बसायचं?” शेवटी तोडगा मुलांनीच काढला. राणी कागदाची करायची, बाकी सगळे कामकरी.

षटकोनी घरांनी मात्र घाम काढला. प्रत्येकाने आपल्या मनाने षटकोन कापला आणि जोडायला घेतले तर कुठे फट, कुठे फुगवटा. शेवटी पुठ्ठ्याच्या ९२ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या. दर १५ सेंटिमीटरला घडी घातली की सहा बाजू होतात, उरलेले २ सेंटिमीटर चिकटवायला. एका बाजूला मिलिमीटरभर चुकलं तरी शेवटी किती सरकतं, हे मुलांना भूमितीच्या तासापेक्षा इथे जास्त पटलं. राणीचा सांगाडा तारेच्या जाळीचा, वर खळीत बुडवलेले वर्तमानपत्राचे तुकडे. एक थर खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, नाहीतर आत ओल राहून बुरशी धरते. घाई करणाऱ्यांना मी फक्त वास घ्यायला सांगायचे.

सगळ्यात देखणं काम पायांचं झालं. माशीला सहा पाय, मुलाला हात धरून चार. मग काळ्या मोज्यांत कागदाचे बोळे भरून ते सदऱ्याच्या दोन्ही बाजूंना शिवले आणि दोऱ्याने मनगटाला बांधले. हात वर केला की मधला पायही वर. हे बघायला दुसऱ्या वर्गांतली मुलं खिडकीशी जमायची.

ट्रॉलीवर बसवायची मोजकीच, बाकीची मागून चालणार. चालणाऱ्यांना नुसतं हात हलवायला लावणं मला कंटाळवाणं वाटलं, म्हणून माशीचा नाच घेतला. फुलं सापडलेली माशी इंग्रजी आठच्या आकड्यात फिरते आणि मधल्या सरळ रेषेत पोट थरथरवते. ही थरथर जितकी जास्त वेळ चालते, तितकी फुलं लांब. हा अर्थ उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. मुलांना नोबेलचं काही नव्हतं, सर्वांसमक्ष कंबर हलवायला मिळतेय यातच आनंद!

तालमीच्या दिवशी ट्रॉली आवारातून बाहेर काढली आणि चालककाकांनी कमानीच्या अलीकडेच ब्रेक लावला. पोळं उभं अडीच मीटर, ते मी ट्रॉलीच्या फळीपासून मोजलं होतं. फळीच जमिनीपासून मीटरभर वर. म्हणजे साडेतीन. कमान तीन मीटरच्या जेमतेम वर! मुख्याध्यापकबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “आडवं करूया ना.” दोऱ्या सोडून पोळं आडवं केलं आणि लक्षात आलं की लोक चित्ररथ बघतात बाजूने. उभं पोळं अरुंद दिसत होतं, आता ट्रॉलीची पूर्ण लांबी भरली.

मिरवणुकीच्या दिवशी चालणं तासाभराचं, ताटकळणं दोन तासांचं. पंख काढता-घालता येतील असे इलॅस्टिकचे केले होते म्हणून निभावलं. प्रत्येक चाकाजवळ एक पालक चालत होता, कारण चालकाला ट्रॉलीच्या कडेचं मूल दिसत नाही. रथावरच्यांनी उठायचं नाही, हा नियम दोघांनी मोडला. दोघांनाही खाली उतरवून नाचात घेतलं.

परतल्यावर सगळ्यांनी हट्ट धरला, राणी वर्गातच ठेवायची. ती व्हरांड्यात तयार झाली होती. चौघांनी उचलून दारापर्यंत आणली, सरळ केली, तिरकी केली, पाठमोरी केली. दार कुणीच मोजलं नव्हतं.