दुपारचा रातकिडा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरामागे जुना कडुनिंब आहे. मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली की पंख्याची घरघर थांबते आणि कडुनिंबाची सुरू होते. खरं तर ती आधीपासून चालूच असते, पंखा तिला ऐकू देत नाही एवढंच. काकांचं त्यावर ठरलेलं वाक्य: "बसली तमरां रियाजाला." तमरां गुजराती, रियाज तबल्यातला, बडोद्याच्या मराठीत हे खपतं. पुण्याच्या मावशीने एकदा टोकलं, "तमरां काय हो, रातकिडे म्हणा." काका म्हणाले, "भर दुपारी?"

मावशी गप्प झाली, पण प्रश्न राहिलाच. रातकिडा वेगळा. तो नाकतोड्याच्या गोतातला, पंखावर पंख घासून किरकिरतो. झाडावरचा हा सिकाडा. त्याचे सोयरे म्हणजे मावा, तुडतुडे आणि, जरा हळूच सांगतो, ढेकूण. सगळे सोंडेने रस ओढणारे. ज्या गावात सयाजीरावांनी 1886 साली गायनशाळा काढली, ज्याच्या दरबारात फैयाज खाँ गायले, तिथे या गवयाला स्वतःचं मराठी नाव नसावं, हे मला लागतं.

वाद्य तर काय नामी आहे! पोटाच्या दोन्ही अंगांना, पन्हळी पत्र्यासारखा एकेक कडक पापुद्रा. आतला स्नायू तो ओढतो, पापुद्रा आत दबतो, टक्. सैल सोडला की बाहेर उसळतो. जत्रेतला पत्र्याचा बेडूक आठवा, अंगठ्याने दाबून घरच्यांचं डोकं उठवायचो तो. हेच सेकंदाला शेकडो वेळा झालं की टक्‌टक् वेगळी उरत नाही, सलग धार लागते. नराचं पोट बरंचसं पोकळ, तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं. काही जातींचा आवाज जवळून 100 डेसिबलच्या पुढे जातो. गातो तो नरच.

मादी मुकाट्याने कोवळ्या फांदीत चिरा पाडून अंडी घालते. पिल्लं खाली पडतात आणि मातीत शिरतात. तिथे मुळांतला जो रस मिळतो तो जवळजवळ पाणीच, त्यात कस नाही. मग वाढही रखडत, वर्षानुवर्षं. अमेरिकेतल्या काही जाती 13 किंवा 17 वर्षांनीच वर येतात. 2024 साली अशा दोन मोठ्या टोळ्या एकाच उन्हाळ्यात निघाल्या. त्याआधी त्यांचा असा मेळ 1803 साली जमला होता, म्हणजे पेशवाई अजून शाबूत होती. आपल्या मेघालयात, री-भोई जिल्ह्यात एक जात दर चार वर्षांनी येते, तीही नेमकी फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वर्षी. तिथले लोक रात्री टेंभे घेऊन जातात, पकडतात आणि चवीने खातात.

पाणीच पिऊन जगायचं म्हटल्यावर ते बाहेरही तितकंच टाकावं लागतं. कडुनिंबाखाली उन्हात मधूनच बारीक तुषार अंगावर येतात. काका बरीच वर्षं "झाडाचा गारवा" म्हणून तिथे खुर्ची टाकायचे. तो गारवा कशाचा हे मी सांगितल्यापासून खुर्ची ओसरीत आली आहे.

गेल्या आठवड्यात खोडावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक कात सापडली. मातकट, कागदाहून हलकी, पाठीवर उभी उसवलेली. पुढचे पाय उकरण्यासाठी जाड, खेकड्याच्या नांगीसारखे, अजून सालीला घट्ट धरून. डोळ्यांवरचं कवचसुद्धा जागच्या जागी. आतला रात्रीच पंख ताणून, वाळवून वर गेला असणार. त्याच्यापाशी आता जेमतेम काही आठवडे. मी ती काकांना नेऊन दाखवली. त्यांनी ती तळहातावर फिरवली, उन्हात धरली आणि तबल्याच्या हातोडीशेजारी, पावडरच्या डब्यावर नीट बसवली.

गाताना नर स्वतःच्या कानांचे पडदे सैल सोडतो, नाहीतर आपल्याच आवाजाने कान जायचे. हे मला फार आवडलं, म्हणून काकांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदाही उत्तर नाही. बघितलं तर त्यांनी कानाचं यंत्र काढून डबीत ठेवलं होतं आणि डग्गा पुढे ओढून घेतला होता.