वनविहार: भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठाने

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चढ नसलेली भटकंती ही भटकंतीच वाटत नाही. वर पोहोचल्यावर पडका दरवाजा, चार हात तटबंदी, पाण्याचे टाके आणि खाली उतरल्यावर पिठलं-भाकरी यांपैकी काहीच मिळणार नसेल, तर सुट्टीच्या दिवशी पहाटे उठायचे कशासाठी, असा त्याचा प्रश्न असतो. भोपाळला माझ्याकडे येणारे पुण्या-साताऱ्याचे नातेवाईक वनविहारचे नाव काढले की म्हणूनच जरा हिरमुसतात. पाच किलोमीटरचा जवळजवळ सपाट रस्ता, एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला टेकडीचा उतार, एका फाटकातून आत जायचे आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचे. ऐकायला हे खरोखरच सायंकाळच्या फेरफटक्यासारखे वाटते. माझा मावसभाऊ तर रस्त्याच्या पहिल्याच वळणावर टेकडीकडे बोट दाखवून म्हणाला होता, "वर काहीतरी असेलच की." वर काही नाही. जे आहे ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे, आणि ते पाहायचे तर पावले सावकाश टाकावी लागतात.

वनविहार हे राष्ट्रीय उद्यान आहे, हे भोपाळबाहेरच्या बहुतेकांना ठाऊक नसते. क्षेत्रफळ अवघे ४.४५ चौरस किलोमीटर. ताडोबा किंवा कान्हा यांच्या शेजारी हा आकडा लिहायलाही संकोच वाटावा. १९८३ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेली ही जागा श्यामला टेकडीच्या उतारावर, मोठ्या तलावाला अगदी खेटून आहे. बोट क्लबच्या बाजूचे फाटक ते 'रामू गेट' आणि भदभदा धरणाकडचे ते 'चीकू गेट', अशी भोपाळकरांची सरळसोट नावे आहेत. मी नेहमी रामू गेटने आत जाऊन चीकू गेटने बाहेर पडतो, कारण या दिशेने चालताना पाणी उजव्या हाताला राहते आणि सुरुवातीची गर्दी अर्ध्या-पाऊण किलोमीटरमध्ये मागे पडते. हौशी मंडळींचा उत्साह पहिल्या पिंजऱ्यापर्यंत टिकतो, असा माझा अनुभव आहे.

तलावाविषयी बोलल्याशिवाय या वाटेविषयी बोलता येत नाही. "तालों में ताल भोपाल का ताल, बाकी सब तलैया" ही म्हण येथे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते आणि ती ऐकवताना प्रत्येकाचा चेहरा सारखाच फुलतो. परंपरेनुसार अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून हा तलाव करविला. तो बांध आज कमला पार्क म्हणून ओळखला जातो आणि त्याच्यावरून शहराची वाहतूक चालते, त्यामुळे आपण सुमारे हजार वर्षांच्या धरणावरून जात आहोत याचे भान सिग्नलला थांबलेल्या माणसाला क्वचितच असते. बांधाच्या पलीकडचा धाकटा तलाव मात्र बराच अलीकडचा, १७९४ सालचा, नवाबाचा दिवाण छोटे खान याने करविलेला. दोन्ही मिळून 'भोज पाणथळ' या नावाने २००२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. एकट्या मोठ्या तलावाचा विस्तार तीस चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि वनविहारच्या काठावरून पश्चिमेकडे पाहिले तर पलीकडचा किनारा धुक्याच्या दिवशी दिसतच नाही. शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी येथूनच जाते.

मराठी वाचकासाठी एक आठवण येथे नोंदवून ठेवतो. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळपाशीच गाठले, त्याची रसद तोडली आणि समोरासमोरच्या मोठ्या हल्ल्यापेक्षा उपासमारीनेच त्याला जेरीस आणले. पुढच्या जानेवारीत दुराहा येथे तह झाला आणि माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. गड नाही म्हणून हिरमुसलेल्या पाहुण्याला मी ही गोष्ट रामू गेटपाशीच सांगून टाकतो. मग तो निदान पहिला किलोमीटर तरी उत्साहाने चालतो.

आत शिरल्यावर पहिली काही मिनिटे शहर पाठ सोडत नाही. मागे वळले की जुन्या शहराच्या बाजूचे मिनार, पाण्याकाठचा रहदारीचा रस्ता आणि तलावातल्या बुरुजावरचा राजा भोजाचा पुतळा दिसत राहतो. मग रस्ता टेकडीला वळसा घेतो आणि आवाज एकदम बदलतो. मोटारींच्या भोंग्यांच्या जागी टिटवीची कटकट सुरू होते. हिवाळ्यात काठाजवळच्या उथळ पाण्यात वारकरी पक्ष्यांचे काळे थवे असतात. कपाळावरचा पांढरा टिळा लांबूनही ओळखू येतो. त्यांच्यापलीकडे, दुर्बीण असेल तर, चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदके दिसतात. पाण्यात उभ्या राहिलेल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, आणि त्या झाडांच्या फांद्या त्यांच्या विष्ठेने चुना मारल्यासारख्या पांढऱ्या झालेल्या असतात.

या वाटेवर मला सर्वांत जास्त वेळ उभे करणारा पक्षी मात्र कवड्या खंड्या आहे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा हा पक्षी पाण्यावर पाच-सात मीटर उंचीवर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच सरळ खाली रोखलेली, शरीर जवळजवळ उभे. दोन-चार सेकंद असे गेले की कधी तो विचार बदलून थोडा पुढे सरकतो आणि पुन्हा थांबतो, तर कधी पंख मिटून दगडासारखा खाली पडतो. मासा मिळाला तर तो बहुतेकदा लगेच गिळत नाही. काठावरच्या खडकावर किंवा फांदीवर नेऊन त्याला दोन्ही बाजूंनी आपटतो, चोचीत फिरवून डोक्याकडची बाजू आत घेतो आणि मगच गिळतो, कारण उलट्या बाजूने गिळल्यास माशाचे पर आणि खवले घशात अडकतात. रिकाम्या हाताने परतण्याचे प्रमाण बरेच असते, हेही थोडा वेळ उभे राहिले की कळते.

डाव्या हाताचा उतार हे या जागेचे दुसरे अंग, आणि माझ्या मते अधिक विचार करण्यासारखे. आज जेथे तेंदू, बेल, बोर, बहावा, शिरीष आणि बांबू यांचे मिश्र पानझडी रान उभे आहे, तेथे संरक्षण मिळण्याआधी दगडाच्या बेकायदा खाणी चालत असत. तलावाकाठची, शहराला लागून असलेली, उंचावरून सूर्यास्त दाखवणारी जमीन म्हटल्यावर तिच्यावर आणखी कोणाचे डोळे असतील हे वेगळे सांगायला नको. कुंपण घातले गेले, खाणी बंद झाल्या, चराई आणि लाकूडतोड थांबली, आणि उताराला मोकळे सोडल्यावर रान पुष्कळसे आपले आपण भरून आले. उन्हाळ्याच्या तोंडाला, पाने गळून गेल्यावर, काही ठिकाणी खडकाचे उघडे चौकोनी कापे दिसतात. ते निसर्गाने केलेले नाहीत हे नजरेला लगेच जाणवते.

तलाव माणसाने केलेला आणि रान माणसाने मोडून पुन्हा वाढू दिलेले, अशी ही जागा आहे. अस्सल जंगलाच्या शोधात असलेल्या मंडळींना हे खटकते, आणि त्यांच्यापैकी काहींनी मला तसे ऐकवलेही आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. सुमारे वीस-बावीस लाखांच्या शहराला खेटून असलेला साडेचारशे हेक्टरांचा तुकडा 'अस्पर्श' राहिलेला असणे शक्यच नव्हते. प्रश्न एवढाच होता की स्पर्श कोणाचा आणि कशासाठी व्हावा. चितळांना या तात्त्विक चर्चेत रस नसतो. ती सकाळच्या उन्हात रस्त्यापासून दहा पावलांवर निवांत चरत असतात, आणि वर झाडावर वानरांची टोळी असेल तर तिने अर्धवट खाऊन टाकलेल्या डहाळ्या वेचायला बरोबर त्याच झाडाखाली जमतात. सांबर, नीलगाय, काळवीट आणि रानडुकरेही मोकळी फिरतात. सांबर दिसायचे असेल तर मात्र लवकर यावे लागते. ऊन चढले की ते गर्द झाडीत शिरते.

वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि तरस हे मोठ्या बंदिस्त आवारांत आहेत, कारण वनविहार राष्ट्रीय उद्यान असूनही प्राणिसंग्रहालयाच्या पद्धतीने चालते. येथील मांसाहारी प्राणी मुद्दाम जंगलातून पकडून आणलेले नसतात. कोणी अनाथ झालेले, कोणी जखमी, कोणी सर्कशीतून सोडवलेले, आणि अस्वलांपैकी काही दरवेशांच्या दोरीतून सुटलेली. ही माहिती वाचल्यावर त्या आवारांकडे पाहण्याची नजर बदलते, हे खरे. तरीही जाळीपलीकडे झोपलेल्या वाघाचे छायाचित्र घेण्यासाठी झुंबड उडवणारी गर्दी पाहून मी पुढे निघून जातो. बारशिंगांच्या आवारापाशी मात्र थांबावे. कठीण जमिनीवर राहणारी ही मध्य भारतातली उपजात १९७० च्या सुमारास एकट्या कान्हामध्ये ६६ च्या आसपास उरली होती. ती तेथे सावरली, पण सगळी संख्या एकाच जंगलात असणे म्हणजे एखाद्या साथीला आमंत्रण, म्हणून २०१५ मध्ये काही बारशिंगे कान्हाहून येथे आणली गेली. तलावाकाठच्या गवतात मानेपर्यंत बुडालेल्या नराची शिंगे तेवढी वर दिसतात, तेव्हा आधी वाळकी झुडुपे हलत आहेत असेच वाटते.

श्यामला टेकडीच्याच दुसऱ्या अंगावर मानव संग्रहालयाचे विस्तीर्ण मोकळे आवार आहे आणि त्या आवारात प्रागैतिहासिक चित्रे असलेले शैलाश्रय, म्हणजे खडकांतले नैसर्गिक आडोसे, आहेत. वनविहारची वाट सकाळी आटोपली तर दुपारी तेथे जावे. भोपाळच्या भोवतालच्या खडकांना बोलते करणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे मराठी घरातले. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना त्यांना भीमबेटकाचे खडक दिसले आणि तेथली प्रागैतिहासिक चित्रे जगापुढे आली. भोपाळजवळच्या रातापानीच्या अरण्याला २०२४ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्याला वाकणकरांचेच नाव देण्यात आले. त्या अरण्याच्या बाजूचे वाघ शहराच्या दक्षिणेकडील केरवा-कलियासोतच्या रानापर्यंत येतात. वनविहारमध्ये जाळीमागे असलेला प्राणी त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला मोकळा हिंडतो, हे पाहुण्यांना सांगितले की त्यांची झोप थोडी पातळ होते.

आता थोडे व्यवहाराचे. हिवाळ्यात फाटक उघडताच आत जावे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचा काळ पक्ष्यांसाठी उत्तम. उद्यान आठवड्यातून एक दिवस बंद असते, तो दिवस निघण्याआधी पाहून घ्यावा. आत सायकली भाड्याने मिळतात, पण दोन तास हातात असतील तर चालतच जावे. सायकलवरून खंड्या दिसत नाही. माझ्या आत्यांचे गुडघे कुरकुरतात, जिना चढताना त्या दोनदा थांबतात, आणि तरीही थर्मासातला चहा पीत, बाकांवर टेकत त्यांनी ही पूर्ण वाट विनासायास पार केली. खाण्याच्या वस्तू पिशवीत बंदच ठेवाव्यात. वानरांना पिशवीची चेन उघडता येते.

पावसाळ्यात येणार असाल तर पक्षी कमी आणि चिखल जास्त, पण त्या दिवसांत दुसरीच गंमत असते. तलावाची पूर्ण पातळी १६६६.८० फूट, हा आकडा भोपाळमधल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतो आणि ऑगस्ट उजाडला की वर्तमानपत्रांत पातळीचा हिशोब इंचाइंचाने छापून येतो. ती गाठली की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात. १९६५ साली बांधलेल्या या धरणाला ११ दरवाजे आहेत. सुटलेले पाणी कलियासोत नदीत आणि तेथून पुढे बेतवा नदीला जाते. चीकू गेटमधून बाहेर पडल्यावर भदभदा जवळच आहे. दरवाजे उघडल्याची बातमी आली असेल तर चालण्याचा कार्यक्रम तेवढ्यापुरता उलटा करून चीकू गेटनेच आत शिरावे, कारण दुपारनंतर सगळे भोपाळ पाणी पाहायला भदभद्यावर लोटते आणि तेथून घरी परतायला रिक्षा मिळत नाही.