स्क्रिप्टला आधी फोटो बघायला शिकवलं

बँकेच्या फॉर्मचा सीझन आला की लातुरातल्या माझ्या स्टुडिओत फोटो काढून घेणाऱ्यांपेक्षा ‘भैय्या, तेवढे केबी कमी करून द्या’ म्हणणारी पोरंच जास्त येतात. बँकभरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी.

यासाठी फोटोशॉपमध्ये अ‍ॅक्शन, म्हणजे एकामागून एक करायच्या कामांची साखळी, रेकॉर्ड करून ठेवली होती. अशी साधी अ‍ॅक्शन म्हणजे नुसतं पाठांतर. समोरचा फोटो उभा की आडवा, हे ती विचारत नाही. एकदा गर्दीत मोबाइलवरचे आडवे फोटो तिच्यातून गेले, चेहरे दोन्हीकडून आवळल्यासारखे झाले, आणि मी न बघता देऊन टाकले. निलंग्याची एक पोरगी दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आली. तिचं भाडं आणि अभ्यासाचा दिवस माझ्यामुळं गेला, हे मनाला फार लागलं.

त्याच आठवड्यात शटर ओढून रात्री फोटोशॉपसाठी जावास्क्रिप्टमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायला बसलो. पहिल्याच फोटोला कॉम्प्युटर हँग. फोटोशॉपची मापाची पट्टी सेंटिमीटरवर होती, त्यामुळं माझ्या २०० चा अर्थ त्यानं २०० सेंटिमीटर घेतला! तेव्हापासून प्रत्येक स्क्रिप्टची सुरुवात पट्टी पिक्सेलवर आणण्यापासून.

आता स्क्रिप्ट आधी रुंदी-उंची ताडून बघते. आडवा फोटो निघाला तर हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. तो मी स्वतः क्रॉप करतो. उभा असेल तर लहान करून जेपेग क्वालिटी १२ वर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, सेव्ह करते, फाइल किती भरली ते मोजते, ५० केबीच्या वर गेली तर ११, मग १०, अशी एकेक पायरी उतरते. दर वेळी उघड्या फोटोचीच नवी कॉपी निघते. आधी सेव्ह केलेली जेपेग पुन्हा उघडून सेव्ह केली तर चेहरा खराब होत जातो, त्या वाटेला जायचंच नाही. फाइल २० केबीच्या खाली गेली तर स्क्रिप्ट थांबून मला सांगते.

बॅकग्राउंड मात्र मी हातानंच पांढरं करतो. कपाळावरची बट कापली गेलेली मला चालत नाही.

सहीची स्क्रिप्टही झाली, पण पोरं वहीच्या रेघांच्या पानावर सही करून आणतात आणि त्या रेघा स्कॅनमध्ये उतरतात. म्हणून काउंटरवर कोरे कागद आणि काळा पेन ठेवलाय, दोरीनं बांधून.