‘मेंदूत करंट किती सोडणार?’ : एथिक्स कमिटीचा माझा अनुभव

ईईजी मशीन मेंदूत वीज सोडत नाही, टाळूवर इलेक्ट्रोड लावून मेंदूची वीज मोजतं. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की आता झोपेतही म्हणेन. माणसांवर ईईजीचा प्रयोग करायचा असेल तर अर्जाच्या पहिल्याच पानावर ते ठळक अक्षरांत टाका, मग बाकीचं बोलू.

माझा पीएच.डी.चा विषय वर्किंग मेमरी आणि थीटा लहर. ओटीपी बघून तो टाइप करेपर्यंत आपण डोक्यात धरून ठेवतो, ती वर्किंग मेमरी. त्या काही सेकंदांत डोक्याच्या पुढच्या भागात, मध्यरेषेवरच्या इलेक्ट्रोडखाली सेकंदाला 4 ते 8 आवर्तनांची थीटा लहर वाढते, आणि आकडे जास्त असले की ती आणखी जोर धरते, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. मला ते इथल्या कॉलेजच्या मुलांवर तपासायचं होतं. पद्धत जुनीच, मानसशास्त्रज्ञ सॉल स्टर्नबर्गची, 1966 सालची: पडद्यावर काही आकडे येतात, जातात, थोडा वेळ पडदा कोरा राहतो, मग एक आकडा येतो आणि विचारलं जातं, हा मघाशी होता का? सगळी गंमत त्या कोऱ्या सेकंदांत.

नोंदणी, गाईडची सही, मशीन वापरायची परवानगी हे सगळं सुरळीत झालं. मग फाईल एथिक्स कमिटीकडे गेली, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे.

ती गेली गणपतीच्या आधी. पहिली मीटिंग कोरमअभावी रद्द. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमांनुसार किमान पाच सदस्य हजर लागतात आणि त्यात संस्थेबाहेरचं कुणीतरी हवं. नियम चांगलाच आहे, पण बाहेरचे सदस्य बाहेरगावी होते. ‘‘मॅडम, पुढच्या मीटिंगला लावतो ना,’’ कार्यालयातले भाऊ म्हणाले. पुढची मीटिंग दसऱ्यानंतर. तिच्यातून माझ्या हाती क्वेरीचं पत्र पडलं: करंट किती सोडणार? सहभागी व्यक्तीला फिट आली तर काय व्यवस्था? विमा काढला आहे का?

मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं पत्र आलं. मग उलगडा झाला. प्रस्तावाच्या पार्श्वभूमीत एक परिच्छेद होता. 2019 मध्ये बॉस्टन विद्यापीठातल्या राइनहार्ट आणि न्विन यांनी 60 ते 76 वयाच्या लोकांच्या डोक्यावरून, थीटाच्या लयीशी जुळवलेला सौम्य करंट 25 मिनिटं दिला, आणि त्यांची वर्किंग मेमरी विशीतल्या मुलांच्या पातळीला आली. परिणाम नंतर निदान 50 मिनिटं टिकला. हे त्यांनी केलं, तिकडे केलं, हे मी स्वच्छ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी परिच्छेद वाचला आणि करंट माझ्या नावावर टाकला.

खुलासा ईमेलने चालत नाही. प्रत्येक सदस्यासाठी वेगळी हार्ड कॉपी, स्पायरल बाइंडिंग, बदललेल्या ओळी अधोरेखित, प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख. (आवकचा शिक्का आपल्या प्रतीवरही मारून घ्याच. माझं एक पत्र ‘आलंच नाही’ ठरत होतं, शिक्क्याने वाचवलं.) खुलाशावर उत्तर आलं: सदर परिच्छेद वगळावा. गाईड म्हणाले, ‘‘काढून टाक, वाद घालू नकोस.’’ काढला. राग आजही गेलेला नाही.

शेवटी दिवाळीनंतर मला समोर बोलावलं. डॉक्टर मंडळींनी विचारलं ते प्रवासखर्च देणार का आणि इलेक्ट्रोडसाठी डोक्याला लावलेलं जेल धुवायची सोय काय, एवढंच. मग सामान्य नागरिक म्हणून कमिटीवर असलेले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘मला एक सांगा. लहर वाढते म्हणून आकडे लक्षात राहतात, की आकडे धरायला कष्ट पडतात म्हणून लहर वाढते?’’

या सगळ्या प्रवासातला हा एकमेव खरा प्रश्न. मी म्हटलं, सर, नुसतं मोजून हे कळत नाही. लिस्मन आणि इडिअर्ट या संशोधकांनी 1995 मध्ये एक कल्पना मांडली: थीटाच्या एका आवर्तनात गॅमा या दुसऱ्या लहरीची जलद आवर्तनं बसतात, लक्षात ठेवलेली एकेक गोष्ट एकेका गॅमा आवर्तनात, आणि अशा सातेक मावतात. माणूस एका वेळी किती गोष्टी लक्षात धरतो याच्या, मानसशास्त्रज्ञ मिलरच्या 1956 च्या प्रसिद्ध ‘सात, दोन कमी-जास्त’ या आकड्याशी हिशेब छान जुळतो, पण हिशेब जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. त्यातून टाळूवरून गॅमा मोजायला गेलं की स्नायूंची हालचाल आणि घरच्या विजेचे 50 हर्ट्झ त्यात मिसळतात. लहर कारण आहे का हे बघायचं तर ती बाहेरून ढकलून बघावी लागते. आणि मी बॉस्टनचा प्रयोग सांगितला.

मेंबर सेक्रेटरी म्हणाले, ‘‘मग हे प्रस्तावात का नाही?’’

मी गाईडकडे बघितलं, ते फाईलकडे. मंजुरीच्या पत्रात अट आली: कार्यकारणाविषयीचा संदर्भ पार्श्वभूमीत समाविष्ट करावा. जुनाच परिच्छेद चिकटवला, खाली एक ओळ जोडली: ‘या अभ्यासात कुणालाही करंट दिला जाणार नाही.’

आता आठवतंय तसं सांगते. धोका किमान असेल तर त्वरित तपासणीसाठी अर्ज करता येतो, मला कुणी सांगितलं नाही, तुम्ही आधीच विचारा. आकड्यांऐवजी मराठी अक्षरं वापरणार असाल तर जपून: क, म, ल लागोपाठ आले की पोरं ‘कमल’ करून मोकळी, तीनाचं एक होतं. आकड्यांतही पुण्यात 411 टाळा, पिनकोड म्हणून आयताच लक्षात राहतो. आदल्या रात्री तेल लावू नका हे सहभागींना फोन करून सांगा, माहितीपत्रक कुणी वाचत नाही. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड नीट लागत नाही आणि अर्धा तास नुसता घासण्यात जातो. आणि मंजुरीचं पत्र हातात आलं की त्यावरची मुदत बघा. वर्षाच्या आत प्रगती अहवाल द्यावा लागतो, पुन्हा हार्ड कॉपीत.