चरीच्या बांधावर

पनवेलहून अलिबागला जाणाऱ्या एसटीतून पोयनाडला उतरणारा मी एकटाच होतो. बाकीच्यांना समुद्र हवा होता. मला हवं होतं चरी नावाचं गाव. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस, भात कापणीला आलेलं, आणि ऊन असं की टोपी घरी राहिल्याचा पश्चात्ताप व्हावा.

चरीत फोटो काढण्याजोगं फारसं काही नाही. किल्ला नाही, तुरुंग नाही, गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत नाही. असणार तरी कुठून? इथल्या लोकांनी जे केलं, ते म्हणजे काहीच न करणं. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे आले नि गेले, पण पेरणी नाही, लावणी नाही.

वाचताना हे सोपं वाटतं. बांधावर उभं राहिलं की कळतं. हा खारेपाट आहे. शेताच्या एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे फक्त मातीचा बांध. त्याला खांड गेली की खारं पाणी आत शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं नापीक होते. बांध घालायचा, जपायचा तो कुळाने. पिकलेल्या भातातला वाटा मात्र खंड म्हणून खोताला, वर वेठ वेगळी. म्हणजे कुळाने हात आखडले तर खोताच्या हातात उरतो तो कागद, आणि तो खाडीला दाखवता येत नाही.

पण कुळाच्या घरात तरी काय उरतं? बांधावर भेटलेले एक बाबा कोयता बाजूला ठेवून म्हणाले, "काय बघायला आलाव?" मी संपाचं नाव काढलं. ते हसले. "तेव्हा आमच्या आज्याने डोंगरातली लाकडं विकली. आजी खाडीत चिंबोऱ्या धरायची. आज्या सांगायचा, भुकेपेक्षा रिकामं शेत बघणं जड जायचं."

ते वाक्य ऐकून मी वही बंद केली. शेतकऱ्याला आषाढात हात बांधून बसायला सांगणं किती कठीण, हे पुस्तकात येत नाही. एका घराने गुपचूप नांगर धरला असता तरी एकी फुटली असती. मोर्चाला एक दिवसाचं धाडस पुरतं, इथे ते रोज सकाळी नव्याने गोळा करावं लागत होतं. आपल्या इतिहासात या संपाला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याचं मला जरा वाईटच वाटतं.

याच काळात, सप्टेंबर १९३७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. १९३९ च्या कूळकायद्याने कुळांना थोडं संरक्षण दिलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. चरीच्या संपापासून मोजलं तर जवळपास चोवीस वर्षं. बाबांच्या सातबारावर आता त्यांचंच नाव आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

निघताना ते माझ्याबरोबर बांधावरून चालत आले. एका ठिकाणी थबकले. खेकड्याच्या बिळातून पाण्याची बारीक धार शेतात शिरत होती. त्यांनी ओंजळभर चिखल काढला, बिळात कोंबला, टाचेने दाबला आणि धार थांबली की नाही ते वाकून पाहिलं.

"चला," म्हणाले, "तुमची गाडी चुकंल."