ओली असेपर्यंत

आईंच्या म्हणजे माझ्या सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि आमच्या हॉलची नवी फरशी, दोन्ही एकाच महिन्यात उरकलं. उरकायला नको होतं. नव्या फरशीवर पहिलं पाऊल टाकताच आई म्हणाल्या, "अगं, खाली धुकं पडलंय का?" मी आत्मविश्वासानं सांगून टाकलं, "आत्ताच थेंब घातलेत ना, म्हणून तसं दिसतंय."

त्यांनी मान डोलावली. पाच मिनिटांनी बघते तर सोफ्यावर बसून एकदा डावा डोळा झाकतायत, एकदा उजवा. "दोन्हींतून सारखंच," निकाल आला. "जुन्यातनं बघा नाहीतर नव्यातनं. फरशीलाच मोतीबिंदू आहे. आणि त्या कोपऱ्यात वरती पण..." पुढचं मी ऐकलं नाही. तोवर मी गुडघ्यांवर बसून नखानं फरशी खरवडत होते. नखात पांढरी पूड आली.

आमची डोंबिवलीतली बिल्डिंग 1986 ची. मोझेकची फरशी होती, काळे-पिवळे ठिपके असलेली. तिच्यावर काय सांडलंय हे कुणाला कधी कळायचं नाही, हा तिचा मोठा गुण. ती फोडली असती तर खालच्यांचं छत आणि आमची मैत्री दोन्ही गेलं असतं, म्हणून तिच्यावरच नव्या टाइल्स चिकटवल्या. उंची वाढली, दारं खालून तासावी लागली. दोन बाय दोनच्या, हस्तिदंती रंगाच्या, पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स. हॉल चौदा बाय दहाचा, म्हणजे बरोबर 35 टाइल्स. हा आकडा मला नंतर जन्मभर पुरेल इतका पाठ झाला.

शेवटच्या दिवशी मिस्त्रीनं सांधे भरले. रबराच्या पट्टीनं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचं सिमेंट, दाबत दाबत तो आतल्या भिंतीकडून दाराकडे सरकत होता आणि मागोमाग ओल्या स्पंजनं पुसत होता. संध्याकाळी सहाला लाइट गेले. त्यानं मोबाइलच्या उजेडात उरलेलं पुसलं, बादली उचलली आणि जाता जाता म्हणाला, "भाभी, दो-तीन बार पोछा मारो, निकल जाएगा." दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या साइटवर.

दोन-तीन बार? मी अकरा वेळा पुसलं. त्यातली गंमत अशी की पुसताना फरशी अगदी स्वच्छ दिसायची. ओली असेपर्यंत आरसा. मी फडकं पिळून समाधानानं चहा टाकायला जायचे, आणि चहाला उकळी येईपर्यंत पंख्याखालची फरशी वाळून पुन्हा भुरकट झालेली असायची. आधी वाटलं, मावशी नीट पुसत नाहीत. तसं मी तोंडावर बोलले नाही, पण चेहऱ्यावर बोलले असणार. कारण त्याच म्हणाल्या, "ताई, मी लादी तीनदा पुसली. ही वाळली की रुसते." मग मी स्वतः पुसून पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. मोठ्यानं मागायला हवी होती.

हे ओलं-कोरडं प्रकरण काय आहे ते मी शेवटी शोधून काढलंच. फरशीवर सिमेंटचा अतिशय पातळ, खडबडीत पापुद्रा असतो. कोरडा असताना त्याच्यावर पडलेला उजेड वाट्टेल त्या दिशेला विखुरतो, म्हणून पांढुरका दिसतो. पाणी त्या खाचाखोचा भरून वर सपाट पृष्ठ तयार करतं, विखुरणं कमी होतं, आणि खालची टाइल दिसू लागते. म्हणजे पुसताना पापुद्रा जात नव्हता, फक्त लपत होता. बरं, सिमेंट वाळतं असं आपण म्हणतो खरं, पण ते वाळत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. त्यातून सुटलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याची चुनखडी होते. चुनखडी काही पाण्यात विरघळणारी नव्हे. मी मात्र रोज तिला पाणी पाजत होते. वर सुवासिक फिनाइल घालून त्याचा आणखी एक चिकट थर चढवत होते, हे वेगळंच.

या सगळ्या काळात आईंना एक नवा छंद लागला. आमच्या गॅलरीतून पाचच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन तिरपं आत येतं. त्या उन्हात फरशीवरचं धुकं नुसतं धुकं राहत नाही, त्यात आकार दिसतात. एकात एक अडकलेले अर्धगोल, मोराच्या पिसाऱ्यासारखे. मिस्त्रीच्या स्पंजचे फटकारे. आई नव्या डोळ्यानं ते वाचत बसायच्या. त्यांचं लहानपण कोकणातल्या सारवलेल्या घरात गेलं. शेणकाल्यानं जमीन सारवताना बोटांचे असेच अर्धगोल उमटतात आणि ज्या बाईचा हात चांगला, तिचे गोल सारखे येतात, हे त्यांनी मला पूर्वी पुष्कळदा सांगितलं होतं. मी पुष्कळदा हं हं केलं होतं.

"बघ, उजव्या हाताचा आहे तो," त्या म्हणाल्या. "भिंतीकडचे गोल कसे मोठे आहेत, खांद्यातनं आलेत. इथे गुडघा टेकलाय, म्हणून मध्येच गोल तुटलाय. इथनं पुढे दमला. दाराशी बघ, नुसतं फरफाटलंय."

"दाराशी लाइट गेले होते, आई."

"तेच म्हणते मी."

सारवताना ते गोल उमटायलाच हवे असत, त्याला कुणी डाग म्हणत नसे. आणि इथे चार पैसे जास्त मोजून आपण अशी फरशी घेतो की जिच्यावर ती बसवणाऱ्याचा हात दिसला की तक्रार करायची. अर्थात आईंनीही तक्रारच केली होती, सगळ्यांत आधी. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शेण दर आठवड्याला नवीन घालता येतं. हे तुझं जन्माचं आहे."

मग उपायांचा पाऊस. शेजारच्या काकांनी सांगितलं, ॲसिड मारा, बाथरूमचं. सिमेंटला आम्ल लागतं हे खरं, पण ते जहाल हायड्रोक्लोरिक कोवळ्या सांध्यांनाही खातं, त्याच्या वाफेनं नळ आणि ग्रिल गंजतात, आणि चुकून ब्लीचशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू होतो. नवऱ्यानं व्हिडिओ बघून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं. छान फसफसलं, आम्ही दोघं कौतुकानं बघत राहिलो, आणि फसफसणं संपल्यावर लक्षात आलं की दोघांनी एकमेकांना मारून टाकलंय, फरशीला हातही लावलेला नाही.

शेवटी नुसतं व्हिनेगर कामी आलं. एक वाटी व्हिनेगर, चार वाट्या पाणी. आधी सांधे साध्या पाण्यानं भिजवून घ्यायचे, म्हणजे ते आम्ल पीत नाहीत. एका वेळी एकच टाइल, पाच मिनिटं थांबायचं, पांढऱ्या स्क्रबरनं घासायचं (हिरव्यानं पॉलिशवर ओरखडे येतात), दोनदा स्वच्छ पाण्यानं पुसायचं, आणि पाणी आपोआप वाळू द्यायचं नाही, सुती पंच्यानं लगेच कोरडं करायचं. टाइलला दहा मिनिटं धरली तर 35 टाइल्सचे जवळजवळ सहा तास. मी तीन संध्याकाळी पुरवले. बाथरूमच्या उंबऱ्याच्या मार्बल पट्टीवर मात्र व्हिनेगरचे थेंब उडाले आणि तिथे कायमचे निस्तेज ठिपके पडले. मार्बल म्हणजे चुनखडीचंच भावंड. आम्ल भाऊ-बहीण असा भेद करत नाही.

दाराजवळच्या सहा टाइल्स तरीही बधल्या नाहीत. अंधारात पुसलेल्या त्याच त्या. तिथला थर जाड होता, आणि हार्डवेअरवाल्याच्या म्हणण्यानुसार ग्राउटमधल्या पॉलिमरला व्हिनेगर पुरत नाही. त्यानं सल्फॅमिक आम्लाचं क्लीनर दिलं आणि हातमोजे घालायची ताकीद. ते एकदा लावलं, आणि गेलं.

शेवटची टाइल पुसून मी उठले तेव्हा पाच वाजले होते. ऊन आत आलं. एकही गोल नाही. फरशीत सोफा दिसला, पंखा फिरताना दिसला, आई दिसल्या, पायांकडून. मावशी दारातच थबकल्या आणि चपला हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, आता यावर चालायचं कसं?"

आई खाली वाकून बघत होत्या. त्या समाधान पावल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा.

"बघ बरं," त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते."

फरशीत, गॅलरीकडच्या कोपऱ्यात, छत दिसत होतं. आणि छतावर, बरोबर वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखाली, क्षार फुटून उमटलेला एक पांढरा, चांगला परातीएवढा डाग.