घर जाणार हे कळल्यापासून खोली मिळेपर्यंत, माझा अनुभव

घर सोडायला सांगितलं तेव्हा माझ्या हातात ६ आठवडे होते आणि त्यातले ४ मी कोणालाच न सांगता घालवले. नोकरी गेलेली, भाडं थकलेलं, मुलगा १४ वर्षांचा. बहिणीशी रोज फोनवर बोलायचे पण हा विषय काढायला जीभच रेटायची नाही, लाज वाटायची. त्या ४ आठवड्यांमुळेच हे लिहायला बसले, कारण सगळ्यात जास्त मार्ग तेव्हाच मोकळे होते.

शेवटी मोफत कायदेशीर सल्ला देतात तिथे गेले. तिथल्या ताईंनी पहिलं विचारलं, नोटीस लेखी आहे का? नव्हती, घरमालक तोंडीच बोलले होते. त्या म्हणाल्या, घाबरून स्वतःहून चावी देऊ नका, आधी लेखी मागा, आणि थकलेलं भाडं हप्त्यांनी देते असं तुम्हीपण लेखीच कळवा. घरमालक हप्त्यांना तयार झाले नाहीत पण ३ आठवडे वाढवून मिळाले, आणि तेवढ्यानेही खूप फरक पडला. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९७ मध्येच म्हटलंय की घरातून काढताना आधी पुरेशी नोटीस हवी, रात्री किंवा खूप खराब हवेत काढू नये, आणि काढल्यामुळे कोणी बेघर होऊ नये. कागदावर हे इतकं स्पष्ट आहे हे मला माहीतच नव्हतं.

मग बहिणीकडे गेलो, तिच्या हॉलमध्ये. आणि इथे मी मोठी चूक केली. राहायला जागा मिळावी म्हणून भरायच्या मदतीच्या फॉर्मवर 'सध्या कुठे राहता' या रकान्यात मी 'बहिणीकडे, सोय आहे' असं लिहिलं, झालं, माझा अर्ज मागे पडला. ताईंनी तो परत भरून घेतला. त्यांनी सांगितलं की युरोपात बेघरपणाची ईथॉस नावाची वर्गवारी वापरतात, त्यात ४ गट आहेत: उघड्यावर राहणारे, निवाऱ्यात राहणारे, ज्यांचं छप्पर कधीही जाऊ शकतं असे, आणि राहण्यालायक नसलेल्या जागेत राहणारे. नातेवाइकांकडे नाइलाजाने, तात्पुरतं राहणारे तिसऱ्या गटात येतात. म्हणजे मी बेघरच होते, फक्त तो शब्द मला स्वतःला लावायचा नव्हता. मग बहिणीकडून चिठ्ठी लिहून घेतली, अमुक तारखेपर्यंतच ठेवू शकते, खाली सही. ती सही करताना तिला रडू आलं, मलाही. पण त्या चिठ्ठीनेच अर्ज पुढे सरकला.

तारीख उलटली आणि जागा काही मिळाली नव्हती. महिलांच्या निवाऱ्यात मला घेणार होते, मुलाला नाही, तिथे १२ वर्षांवरचे मुलगे चालत नव्हते. बऱ्याच ठिकाणी असा नियम असतो म्हणे. आईपासून १४ वर्षांचं पोर वेगळं काढायचं, यात कसली सुरक्षितता आहे मला अजून समजत नाही. तो बहिणीकडे राहिला, मी निवाऱ्यात. ११ रात्री. कागदपत्रांची चेनवाली पिशवी उशीखाली, तिचा बंद मनगटाला गुंडाळलेला, सकाळी ७ ला सामानासकट बाहेर. कुटुंबांसाठीच्या जागेच्या यादीत नाव होतं पण रोज सकाळी फोन करायचा, एक दिवस चुकला तर नाव खाली. मी रोज ८ वाजता केला.

शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, कित्येक वर्षं रस्त्यावर काढलेल्या. त्यांना सगळीकडे एकच उत्तर, आधी नियमित औषधं घ्या, नीट राहून दाखवा, मग खोली. ताईंकडूनच कळलं की १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे उलटं करून बघितलं, आधी घर द्यायचं, मग उपचार आणि बाकीची मदत, आणि फिनलंडने २००८ पासून देशपातळीवर तेच धोरण घेतलं. 'हाउसिंग फर्स्ट' म्हणतात त्याला. त्या बाईंना बघून मला यात शंका राहिली नाही. दिवसभर सामान उचलून फिरणारं माणूस गोळ्या वेळेवर घेणार कसं आणि ठेवणार तरी कुठे?

१२ व्या दिवशी कुटुंबांच्या तात्पुरत्या घरात खोली मिळाली, ६ महिन्यांची मुदत, दर आठवड्याला केस वर्करशी, म्हणजे आपलं प्रकरण बघणाऱ्या कार्यकर्त्याशी, भेट. मला काम मिळालं ते या खोलीत आल्यावर, त्याआधी अर्जावर घालायला पत्ताच नव्हता. डिपॉझिटसाठी एका संस्थेने हमी दिली (विचारलं नसतं तर ती सोय असते हे कोणी आपणहून सांगितलंही नसतं) आणि पाचव्या महिन्यात भाड्याची खोली झाली. ऍग्रीमेंट ताईंना दाखवून मगच सही केली, नोटिशीची मुदत किती ते वाचून, आणि भाड्याची प्रत्येक पावती आता त्याच चेनच्या पिशवीत जाते.

मुलाची सायकल अजून बहिणीकडेच आहे, रविवारी आणायचीय.